कट न मारता: पॉप व्हिडिओतल्या 'वन टेक'ची गोष्ट

आजचा एपिसोड ऐकायचा आहे, पण तो डोळ्यांसाठी आहे. त्यामुळे चालता चालता ऐकत असाल तर रस्त्याकडे लक्ष ठेवा, व्हिडिओ घरी जाऊन बघा.

आधी एक छोटा प्रयोग. कुठलंही नवं पॉप गाणं यूट्यूबवर लावा, आवाज बंद करा आणि चित्र बदललं की बोट आपटा. म्हणजे प्रत्येक कटला एक टिचकी. बऱ्याच व्हिडिओंत पहिल्या अर्ध्या मिनिटातच बोट दमतं. दर दोन-तीन सेकंदांनी कट, कधी त्याहूनही लवकर. आता ह्याच्या अगदी उलट टोकाला काही व्हिडिओ असे आहेत, जिथे चार मिनिटांत तुमचं बोट एकदाही हलत नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला की गाणं संपेपर्यंत थांबतच नाही. ह्याला म्हणतात वन टेक.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे चूक झाली तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. वन टेकमध्ये ती सोय नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी कुणाचा पाय घसरला की पहिल्यापासून सुरुवात. मग ज्या धंद्यात कट मारणं इतकं सोपं आहे, तिथे लोक हा त्रास का घेतात? आणि आपण बघणारे त्यावर इतके फिदा का होतो? हे समजून घ्यायला साठ वर्षं मागे जावं लागेल.

लंडनची गल्ली, १९६५

बॉब डिलन तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि डी. ए. पेनेबेकर नावाचा माहितीपटकार त्याच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत होता. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक तुकडा शूट केला. गाणं 'सबटेरेनियन होमसिक ब्लूज'. डिलन उभा आहे, हातात मोठ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा, त्यावर गाण्यातले शब्द लिहिलेले. गाणं पुढे सरकतं तसा तो एकेक पुठ्ठा खाली टाकतो. ओठ हलवत नाही, गिटार नाही, नाच नाही. बाजूला कवी ॲलन गिन्सबर्ग कुणाशी तरी गप्पा मारत उभा. कॅमेरा जागचा हलत नाही आणि कट एकही नाही.

पुढे १९६७ मध्ये आलेल्या 'डोन्ट लुक बॅक' ह्या माहितीपटाची सुरुवात ह्याच तुकड्याने होते. आज आपण ज्याला लिरिक व्हिडिओ म्हणतो, त्याचा हा पणजोबा. आणि गंमत बघा, ह्यात तंत्र असं काहीच नाही. एक माणूस, एक कॅमेरा, एक गल्ली. तरी नजर हटत नाही, कारण मनात एक छोटी शर्यत लागलेली असते: ह्याचा पुठ्ठा गाण्याच्या मागे पडणार का? मध्ये मध्ये तो पडतोही. तो मागे पडला की आपल्याला अजून मजा येते. वन टेकची सगळी गंमत इथेच सापडते. काहीतरी चुकू शकतं, हे बघणाऱ्याला माहीत असतं.

मग कटचं राज्य आलं

दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, क्वीन बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी व्हिडिओ केला. कारण व्यवहारी होतं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात गाणं दिसायला हवं, पण बँड दौऱ्यावर असणार. शिवाय असलं सहा मिनिटांचं, थरावर थर रचलेलं गाणं स्टुडिओत उभं राहून गाण्याचं सोंग करणंही अवघड. दिग्दर्शक ब्रूस गाॅवर्सने सुमारे चार तासांत काम उरकलं. एकाच चेहऱ्याच्या अनेक आकृत्या दिसतात ना, त्या लेन्सपुढे प्रिझमसारखी काच लावून केलेल्या. आणि चेहऱ्यामागे चेहऱ्यांची न संपणारी रांग दिसते, ती कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून. व्हिडिओ कॉलवर स्वतःचीच स्क्रीन शेअर केली की खिडकीत खिडकी दिसत जाते, तोच प्रकार. गाणं इंग्लंडमध्ये ९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं आणि रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की व्हिडिओ ही जाहिरात आहे.

१ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. आता चोवीस तास व्हिडिओ हवे होते. प्रेक्षकाच्या हातात रिमोट होता, म्हणजे त्याला धरून ठेवायला हवं. मग कट वाढले. गाण्याच्या ठेक्यावर कट, धूर, पडदे, पुन्हा कट. सिनेमावाल्यांनी ह्या घाईला 'एमटीव्ही स्टाइल' असं नावच देऊन टाकलं.

पण त्याच काळात एक गोष्ट वेगळी चालली होती. डिसेंबर १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आला. दिग्दर्शक जॉन लँडिस, लांबी जवळपास १४ मिनिटं. त्यातला भुतांचा नाच पुन्हा बघा. महत्त्वाच्या जागी कॅमेरा मागे जातो आणि नाचणारे डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. ही शिस्त हॉलिवूडमध्ये फ्रेड ॲस्टेअरने १९३० च्या दशकात रुजवली होती: नाचताना माझं पूर्ण शरीर फ्रेममध्ये पाहिजे आणि कट कमीत कमी. कारण सरळ आहे. पाय एका शॉटमध्ये आणि चेहरा दुसऱ्या शॉटमध्ये असेल, तर ते पाय त्याचेच कशावरून?

सिंहाचा पिंजरा

हाच प्रश्न १९५० च्या दशकात फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझांनेही विचारला होता. त्याचं म्हणणं साधारण असं: प्रसंगाचा सगळा अर्थ दोन गोष्टी एकत्र असण्यात असेल, तर तिथे कट मारायला बंदी हवी. उदाहरण चार्ली चॅप्लिनच्या 'द सर्कस'चं, १९२८ चा सिनेमा. चॅप्लिन सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो. एका शॉटमध्ये सिंह आणि दुसऱ्यात घाबरलेला चॅप्लिन दाखवला असता, तर आपण समजलो असतो की हे वेगवेगळं शूट केलंय. पण माणूस आणि सिंह एकाच फ्रेममध्ये दिसतात आणि आपला श्वास अडकतो.

हे वाक्य लक्षात ठेवा: माणूस आणि सिंह एका फ्रेममध्ये. इथून पुढचा सगळा एपिसोड म्हणजे पॉपवाल्यांनी आपापला सिंह कसा शोधला, ह्याची गोष्ट आहे.

तिचं चालणं

१९९१. ब्रिस्टलचा बँड मॅसिव्ह अटॅक, गाणं 'अनफिनिश्ड सिंपथी', दिग्दर्शक बेली वॉल्श. गायिका शारा नेल्सन लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेवार्डवर चालत जाते आणि कॅमेरा तिच्याबरोबर चालतो. बस, एवढंच. चारेक मिनिटं, एक शॉट. आजूबाजूला मुलं, दुकानं, रस्त्यावरची माणसं. बँडमधले बाकीचे लोक मागे कुठेतरी दिसतात, तेही शोधावे लागतात. गाणं प्रेमात एकटं पडल्याचं आहे, आणि ती भर रस्त्यात कुणाकडेही न बघता चालत राहते. कट मारला असता तर तिला, आणि आपल्यालाही, तिथून सुटका मिळाली असती. कॅमेरा ती देत नाही. कथा सांगायला कॅमेऱ्याचं तंत्र कसं वापरावं, ह्याचं इतकं साधं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

हे शक्य झालं स्टेडीकॅममुळे. गॅरेट ब्राऊन ह्या अमेरिकन कॅमेरामनने १९७० च्या दशकात हे यंत्र बनवलं; १९७६ चा 'रॉकी' आठवा. कॅमेरामन अंगात जॅकेट घालतो, त्याला स्प्रिंगचा हात, हाताच्या टोकाला दांडी. दांडीच्या वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर. वजन असं दोन टोकांना वाटलं की सगळा डोलारा सहजी डुलत नाही आणि पावलांचे धक्के स्प्रिंग गिळते. म्हणजे सगळं काम भौतिकशास्त्र करतं, मोटर नाही. आज आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगला येणारी पोरं हातात जो गिंबल धरतात, तो सेन्सर आणि मोटरवर चालतो. यंत्र वेगळं, हेतू तोच: चालणाऱ्या माणसाबरोबर न हलता चालणं.

ह्याच्या जवळपास, १९९० मध्ये, सिनेड ओ'कॉनरच्या 'नथिंग कंपेअर्स टू यू' मध्ये दिग्दर्शक जॉन मेबरीने दुसरा रस्ता घेतला. हा वन टेक नाही, मध्ये पॅरिसच्या बागेतले शॉट येतात. पण व्हिडिओचा मोठा भाग म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर फक्त तिचा चेहरा. शेवटाकडे तिच्या गालावरून अश्रू ओघळतात. ते खरे होते; आईची आठवण आली, असं तिने पुढे सांगितलं. कॅमेरा तिथे टिकून राहिला म्हणून आपल्याला ते मिळाले.

गोंद्रीचा लूप

आता माझ्या आवडीचा माणूस. मिशेल गोंद्री, फ्रेंच दिग्दर्शक. हा माणूस व्हिडिओ बनवतो असं वाटत नाही, अल्गोरिदम लिहितो असं वाटतं.

१९९६ मध्ये चिबो माट्टो ह्या जोडीच्या 'शुगर वॉटर'साठी त्याने पडदा दोन भागांत विभागला. एका भागात गोष्ट सरळ चालते, दुसऱ्या भागात उलटी. दोन्ही मध्यावर भेटतात आणि बाजू बदलतात. 'चिमा काय कामाची' हे वाक्य आपण लहानपणी उलटसुलट वाचायचो, तसा हा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी बघता येतो.

मग २००२, कायली मिनोगचं 'कम इन्टू माय वर्ल्ड'. पॅरिसजवळचा एक चौक. कायली दुकानातून बाहेर पडते, चौकाला एक वळसा घालते, कॅमेरा तिच्याबरोबर गोल फिरतो. वळसा पूर्ण होतो तेव्हा दुकानातून दुसरी कायली बाहेर येते! पुढच्या फेरीला तिसरी. आणि फक्त तीच नाही, रस्त्यावरची माणसं, त्यांची भांडणं, कामं, सगळंच दर फेरीला वाढत जातं. शेवटी चौकात नुसता गोंधळ.

हे कसं केलं? मोशन कंट्रोल. कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच करतो. मग वेगवेगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या की भिंतीवर भिंत जुळते आणि माणसं तेवढी वाढतात. म्हणजे दिसायला एक शॉट, आतून अनेक. इथे वन टेकचा अर्थच बदलला. डिलनच्या गल्लीत न तुटलेला शॉट म्हणजे 'हे असंच घडलं' ह्याचा पुरावा होता. गोंद्रीच्या चौकात तो जादूचा रुमाल झाला. पण बघा, गोंद्री फसवत नाही. एका जगात चार कायली नाहीत हे त्यालाही माहीत, आपल्यालाही.

ट्रेडमिल आणि एक भांडण

२००६. ओके गो हा अमेरिकन बँड. गाणं 'हिअर इट गोज अगेन'. आठ ट्रेडमिल, चार माणसं, एक जागचा कॅमेरा. नाच बसवला गायक डेमियन कुलाशची बहीण ट्रिश सी हिने. कट नाही. १७ प्रयत्न लागले. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं आणि हा व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून जगभर नेला. २००७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

हा व्हिडिओ एवढा का चालला? चॅप्लिनचा सिंह इथे ट्रेडमिल आहे. पट्टा फिरतोय, पाय चुकला तर माणूस तोंडावर आपटणार, आणि हे लपवायला एडिटर नाही. शिवाय लहानशा, अस्पष्ट यूट्यूब खिडकीतही हे सगळं नीट दिसतं, कारण कॅमेरा लांब आहे आणि माणूस पूर्ण दिसतोय. ॲस्टेअरचा नियम पुन्हा कामी आला.

पुढची गोष्ट मात्र पैशांची आहे. व्हिडिओ लोक आपापल्या ब्लॉगवर एम्बेड करत होते. त्यांची रेकॉर्ड कंपनी ईएमआयने ते बंद केलं, कारण बाहेरच्या साइटवर बघितलेल्या व्ह्यूचे पैसे कंपनीला मिळत नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुलाशने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. त्याच्या म्हणण्यानुसार एम्बेड बंद झाल्यावर रोजचे व्ह्यू साधारण १०,००० वरून हजारावर आले, म्हणजे ९० टक्के घट. पुढच्याच महिन्यात बँड ईएमआयमधून बाहेर पडला आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

ह्या भांडणातला प्रश्न आजही जिवंत आहे. गाणं विकण्यासाठी व्हिडिओ की व्हिडिओ हेच काम? कंपनीच्या हिशोबात व्हिडिओ ही खर्चाची बाजू होती. बँडसाठी ती कला होती आणि पोट भरायचं साधनही. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मोठ्या ब्रँडचे पैसे घेऊन व्हिडिओ केले. २०१४ चं 'आय वोन्ट लेट यू डाउन' बघा: जपानमध्ये होंडाच्या एकचाकी खुर्च्यांवर बसून नाच, शेकडो छत्र्या, आणि शेवटी कॅमेरा ड्रोनवर उंच आकाशात. मालक बदलला, पण सुटका झाली असं म्हणता येईल का? हे तुम्हीच ठरवा.

वेळ ताणणे

इथे एक छोटं तांत्रिक गुपित सांगतो, तुम्ही रील बनवत असाल तर उपयोगी पडेल. व्हिडिओ स्लो मोशन आहे, पण गायकाचे ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळतात, असं कधी पाहिलंय? युक्ती अशी: सेकंदाला ४८ फ्रेम टिपायच्या आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. गायक घाईघाईत ओठ हलवतो. मग तेच फूटेज सेकंदाला २४ फ्रेमने चालवलं की हालचाल अर्ध्या वेगाची आणि ओठ मूळ गाण्यावर. उलट करायचं असेल तर गाणं हळू वाजवून शूट करा आणि नंतर चित्र पळवा. 'द सायंटिस्ट' ह्या २००२ च्या व्हिडिओत तर कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन उलट्या दिशेने चालतो, पण ओठ सरळ गाण्यावर जुळतात. त्यासाठी त्याने अख्खं गाणं उलटं गायला शिकलं. साधारण महिना लागला. गोष्ट उलटी चालत जाते आणि शेवटी कळतं की सुरुवातीला अपघात झाला होता. इथे उलटं चालणं म्हणजे 'घडलेलं पुसता आलं असतं तर' ही भावनाच आहे. तंत्र आणि अर्थ एकच झाले की असं होतं.

ओके गोने २०१६ मध्ये 'द वन मोमेंट' केला. त्यातला मुख्य भाग प्रत्यक्षात घडायला फक्त ४.२ सेकंद लागले. रंग उडतायत, वस्तू फुटतायत, आणि ते सगळं ताणून गाण्याएवढं केलेलं. हिशोब करा: ५० पट हळू दाखवायचं, तर सेकंदाला २४ ऐवजी १२०० फ्रेम हव्यात. माणसाला ४.२ सेकंदांत हे दिसूच शकत नाही. म्हणजे कॅमेरा इथे असं काही दाखवतो, जे तिथे हजर असलेल्या कुणीही पाहिलं नाही.

त्याच वर्षीचा 'अपसाइड डाउन अँड इनसाइड आउट' रशियात एका विमानात शूट झाला. विमान कमानीसारखा मार्ग घेतं, तेव्हा आतली माणसं काही सेकंद तरंगतात. एका खेपेला साधारण २७ सेकंद. मग पुढच्या तरंगण्यासाठी सुमारे पाच मिनिटं थांबायचं. त्यांनी अशा सलग ८ खेपा घेतल्या, कॅमेरा सुमारे ४५ मिनिटं चालू ठेवला आणि मधला थांबण्याचा वेळ काढून टाकला. ८ गुणिले २७ म्हणजे २१६ सेकंद, एका गाण्याला पुरेसे. जोड आहेत, पण ते लपवल्यावर ते कसे लपवले हेही त्यांनी सांगून टाकलं.

समोर नाच, मागे आग

कथा सांगण्याच्या दृष्टीने गेल्या दशकातला सगळ्यात बोचरा लांब शॉट मला 'दिस इज अमेरिका' मध्ये दिसतो. मे २०१८, गायक चाइल्डिश गॅम्बिनो म्हणजे डोनाल्ड ग्लोव्हर, दिग्दर्शक हिरो मुराई. मोठं रिकामं गोदाम. ग्लोव्हर नाचतोय, शाळकरी मुलं त्याच्यासोबत नाचतायत, कॅमेरा त्यांच्यासोबत सरकतोय. आणि मागे, जरा धूसर, लोक धावतायत, मारामारी, पोलीस, पांढरा घोडा. पहिल्यांदा बघताना बहुतेकांना मागचं दिसत नाही, कारण नाच भारी आहे. दुसऱ्यांदा बघताना लाज वाटते, की आपण नाच बघत बसलो होतो.

हा व्हिडिओ पूर्ण वन टेक नाही, काही लांब शॉट जोडलेत. पण कट कमी ठेवल्यामुळे एक काम झालं: कुठे बघायचं हे एडिटरने ठरवलं नाही, आपण ठरवलं. कट म्हणजे 'इकडे बघ' असा हुकूम. लांब शॉटमध्ये हुकूम नसतो, त्यामुळे काही निसटलं तर ती जबाबदारीही आपलीच. पुढच्या वर्षी ह्या गाण्याला ४ ग्रॅमी मिळाले, त्यात व्हिडिओचंही होतं.

आता काय?

साठ वर्षांत न तुटलेल्या शॉटचं काम बदलत गेलं. गल्लीत तो साधेपणा होता, पिको बुलेवार्डवर एकटेपणा, चौकात जादू, ट्रेडमिलवर पुरावा. आणि आता? आता एआय कुठलाही न तुटलेला शॉट बनवून देऊ शकतो. सिंह आणि माणूस एका फ्रेममध्ये दिसले, म्हणजे ते एकत्र होते, हे आता धरून चालता येत नाही. बाझांचा नियम मोडला असं नाही, पण त्यामागची हमी गेली. हे फक्त पॉप गाण्यांपुरतं नाही. मोर्च्याचा, अपघाताचा, निवडणुकीच्या सभेचा सलग व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा 'मध्ये कट नाही, म्हणजे खरंच असणार' असं आपण अजूनही मनात म्हणतो. ही सवय आपल्याला ह्याच साठ वर्षांनी लावली आहे.

म्हणून मला वाटतं, यापुढे 'मेकिंग ऑफ'ची किंमत वाढत जाणार. सतरापैकी सोळा फसलेले टेक, पडलेली माणसं, पुन्हा मांडलेली यंत्रं. यशस्वी टेकची नक्कल सहज होईल. पण सोळा वेळा पडून सतराव्यांदा उभं राहिलेल्या चार माणसांच्या मेहनतीला आपण दाद देतो, आणि तिथे खरोखर माणसं होती की नाही, ह्याने आपल्याला फरक पडतो. पडायलाच हवा.

तर आज रात्री एक काम करा. 'अनफिनिश्ड सिंपथी' लावा, फोन आडवा धरा, आणि बोट स्क्रीनपासून लांब ठेवा. चार मिनिटं पुढे ढकलायचं नाही. बघा, जमतं का. भेटू पुढच्या एपिसोडला.